मंगळवारची वही : पेढीच्या जिन्याखालच्या खोलीचा इतिहास

स्मरणिका समितीने हा लेख माझ्याकडे सोपवताना दोन अटी घातल्या. एक, लेख लांबवू नका. दोन, आकडे द्या. किती सभासदांना सल्ला दिला, किती रुपयांची कर्जं मिटली, वर्षवार तक्ता असला तर उत्तमच. पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो. दुसरी पाळता येणार नाही, कारण या खोलीने आकडे कधी ठेवलेच नाहीत. सभासद कर्जातून मोकळा झाला की वहीतलं त्याचं पान फाडून त्याच्याच हातात द्यायचं, ही इथली पहिल्यापासूनची रीत. कपाटातल्या जुन्या वह्यांत आज पानं थोडी आणि शिवणीला चिकटून राहिलेल्या फाटक्या पट्ट्या जास्त आहेत. मी एकदा त्या पट्ट्या मोजायला बसलो होतो. अर्ध्या वहीत सोडून दिलं. एकाच माणसाची तीन-तीन पानं असतात हे मला माहीत होतं, आणि कोणती पट्टी कोणाची हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

पेढीची, म्हणजे आपल्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची, नोंदणी, अध्यक्षांची नावं, ठेवी, लाभांश हे सगळं याच अंकात दुसरीकडे व्यवस्थित आलेलं आहे. मी फक्त लाँड्रीशेजारच्या जिन्याखालच्या खोलीबद्दल लिहितो. कागदोपत्री तिचं नाव ‘कर्जसल्ला उपसमिती’. त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. सगळे म्हणतात ‘मंगळवार’. “जास्तच झालंय का? मग मंगळवारी जा.” सोमवारी ओपीडीला रीघ असते, कोणाला मान वर करायला फुरसत नाही. मंगळवारी सकाळपाळी सुटली की दुपारी थोडी उसंत मिळते, म्हणून तो वार धरला. त्यामागे याहून मोठा विचार नव्हता.

नव्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. पालिकेच्या रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा आणि आयाला मावशी म्हणतात. डॉक्टर येतात, शिकतात, जातात, मामा-मावशी राहतात. पेढीचे बहुतेक सभासद हेच. पेढी निघाली ती पठाणामुळे, असं जुनी माणसं सांगायची. परळ-लालबागच्या बोलीत पठाण म्हणजे व्याजाने पैसे देणारा, मग तो पेशावरचा असो की साताऱ्याचा. पगाराच्या दिवशी तो काठी घेऊन फाटकात उभा राहायचा. दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात हाच दर सर्रास चालणारा म्हणून नोंदवला आहे, १५० टक्क्यांचाही उल्लेख आहे. बहुतेक औद्योगिक गावांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असंही त्या अहवालात आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा मात्र त्याआधी, १९०४ मध्येच, आला होता. पठाणाला तोडगा म्हणून आपापल्या खात्याच्या पेढ्या निघाल्या, त्यांतलीच ही एक.

म्हणजे कर्ज स्वस्त करायचं, की माणूस सुटला, अशी मूळची समजूत. ती चुकीची नव्हती, अपुरी होती. ते कळायला गिरण्यांचा संप व्हावा लागला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. आपल्या मावशांपैकी कितीतरी जणींचे नवरे गिरणीत होते. तोवर तिचा पगार म्हणजे संसाराला हातभार. आता तोच संसार. मी तेव्हा पगार विभागात नवीन लागलेला कारकून. कपातीचा रकाना माझ्याकडे होता, म्हणून हे मला ओळीने दिसलं : आधी घरातलं सोनं गेलं, मग पेढीचं नेहमीचं कर्ज निघालं, मग तातडीचं कर्ज, आणि मग ज्याचा रकाना पगारपत्रकावर नसतो ते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली सभासदाने लिहून दिलं असलं की त्याचा हप्ता मालकाने पगारातूनच कापून पेढीला द्यायचा असतो. पेढ्या तगल्या त्या या कलमावर. पण हप्ता पेढीला हमखास मिळतो म्हणून माणसाच्या हातात काय उरतं हे बघायची पेढीला गरजच वाटत नाही. एका महिन्यात एका मामांच्या हाती ८७ रुपये गेले. पत्रक मीच लिहिलं होतं आणि बेरीज बरोबर होती.

खोली सुरू झाली ती मात्र या ८७ रुपयांमुळे नव्हे. ती सुरू झाली जामिनावरून.

एका दुपारी कॅज्युअल्टीतले दुसरे एक मामा पगाराची चिठ्ठी घेऊन पेढीत आले. “मी कर्ज काढलं नाही. मग हप्ता माझा का जातो?” ज्याला ते जामीन राहिले होते तो गडी कामावर यायचा बंद झाला होता, गावी गेला की आणखी कुठे ते कळत नव्हतं. नियमाप्रमाणे वसुली जामीनदाराकडून. खाती उघडून पाहिली तेव्हा मामा एकाला नव्हे, पाच जणांना जामीन होते. पाच जणांना कशाला सही दिलीत, असं विचारल्यावर ते म्हणाले, “माझ्या पोरीच्या लग्नात त्यांनी पंगती उठवल्यात. सही मागितल्यावर तोंड फिरवू?”

त्या वेळचे मानद चिटणीस प्लास्टर रूममध्ये काम करायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांनी मामांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं की पेढी सोडून आणखी कोणाकोणाचं देणं आहे. मामा म्हणाले, फारसं नाही. अण्णांनी मुलाची दोनशे पानी वही आणली होती, तिच्यावर पट्टीने रकाने आखले : कोणाचे, कधी घेतले, किती घेतले, किती फेडले, व्याज कसं, राहिले किती. मामांनी तीन नावं सांगितली. पुढच्या मंगळवारी आणखी दोन आठवली. तिसऱ्या मंगळवारी, जाता जाता दारात थांबून, बहिणीच्या पाटल्या सोनाराकडे आहेत हे सांगितलं. पुढे मीही मंगळवारी खोलीत बसू लागलो, तेव्हा हा क्रम शेकडो वेळा पाहिला. वाण्याची उधारी माणूस कर्जात धरत नाही. सोसायटीचं भाडं तुंबलेलं धरत नाही. नातेवाइकाचं तर नाहीच नाही. एकूण बेरीज बहुतेकांनी आयुष्यात कधी केलेली नसते, आणि केली नाही म्हणून ती रात्री छातीवर बसते. अण्णा आपल्या कामातली भाषा बोलायचे : आधी एक्स-रे, मग प्लास्टर. हाड कुठे मोडलंय ते बघितल्याशिवाय गुंडाळायला लागू नका.

शेवटचा रकाना अण्णांनी दोन-तीन महिन्यांनी वाढवला. त्याचं शीर्षक आजही तेच आहे : ‘घरी कोणाला माहीत’. त्याखाली नव्वद टक्के पानांवर एकच शब्द असायचा असं मी म्हटलं असतं, पण आकडे देणार नाही असं वर लिहून बसलो आहे. शब्द ‘नाही’ हा.

जामिनाचा नियम त्याच वर्षी बदलला. एका सभासदाने दोघांहून जास्त जणांना जामीन राहायचं नाही. सही नाकारायला माणसाला एक कारण मिळालं, “पेढी देत नाही हो.” कित्येकांची मैत्री त्या नियमाने वाचवली.

आता कामाची पद्धत. बाहेर सल्ला म्हणजे ‘काटकसर करा’ असं सांगणं, अशी समजूत असते. इथे ते वाक्य बोलायला बंदी होती. कसाबसा महिना काढणाऱ्या मावशीला काटकसर शिकवायची तर शिकवणाऱ्यालाच लाज वाटली पाहिजे. काम तीन प्रकारचं असे : बेरीज करणं, क्रम लावणं आणि देणेकऱ्याबरोबर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं. क्रमाबद्दल आमच्यात कायम वाद. हिशेबाने ज्याचं व्याज जबर ते आधी फेडायचं. मी कारकून, मी तेच म्हणायचो. अण्णा म्हणत, ज्याच्यामुळे माणूस वाट बदलून घरी जातो ते आधी. समजा वाण्याचे चार हजार राहिलेत आणि वाणी दुकानाच्या पायरीवरून सगळ्यांदेखत हाक मारतो. व्याज शून्य, पण ते चार हजार गेले की बाई मान वर करून चालायला लागते, आणि मग पुढच्या मंगळवारी न चुकता येते. हिशेबाने मी बरोबर होतो. माणसं मात्र अण्णांच्या क्रमाने जास्त टिकली, हे कबूल करतो.

जबर व्याजाची कर्जं एकत्र करून त्यांच्या जागी पेढीचं एकच कर्ज द्यायचं, हा पुढचा टप्पा. त्याला एक अट होती : पैसे सभासदाच्या हातात द्यायचे नाहीत, ज्याचे त्याला परस्पर. सावकार चेक घेत नाही, म्हणून दोन साक्षीदार घेऊन रोख. पैसे मोजून द्यायच्या आधी त्याच्याकडचे कोरे सही केलेले चेक आणि स्टँप पेपर टेबलावर यायला हवेत. ते तिथेच, त्याच्यादेखत फाडायचे. एकदा घाईत आम्ही फक्त चेक मागितले आणि स्टँप पेपर राहून गेला. आठ महिन्यांनी तो पुन्हा निघाला, रक्कम नवी घालून. तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लाल शाईत लिहिलेलं आहे, ‘कागद मोजा’.

एटीएम आलं तसं गहाणाचं स्वरूपही बदललं. कोरा चेक नको, सोनं नको. कार्ड आणि चार आकडी नंबर द्या. पगार खात्यात पडला की सावकार स्वतः काढतो, आपले ठेवून उरलेले देतो. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. पण पगाराच्या दिवशी दहा-दहा कार्डांची चवड रबरबँडमध्ये बांधून मशीनपाशी उभा असलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. प्रसूतिगृहातल्या एका मावशीचं कार्ड असंच दीड वर्ष बाहेर होतं. घेतले होते २०,०००, महिना दहा टक्क्यांनी. दरमहा २,००० असे अठरा महिन्यांत ३६,००० गेले होते आणि मुद्दल २०,००० जसंच्या तसं उभं. तेच पैसे वर्षाला बारा टक्क्यांनी असते तर पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये होतं. हे मावशींना वहीत करून दाखवलं तेव्हा त्यांनी आकड्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, “त्याने अडल्या वेळेला दिले होते ओ. तुम्ही तेव्हा दोन जामीन मागितले होते.”

हे ऐकून घ्यायला लागलं, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वॉर्डातल्या दोन मावश्यांना बरोबर घेऊन त्या बँकेत गेल्या, जुनं कार्ड बंद केलं, नवं घेतलं. पगाराच्या दिवशी सावकार थेट वॉर्डापर्यंत आला. आणि तेव्हा आम्हाला कळलं की तो बाहेरचा कोणी नव्हे. तो आपलाच सभासद, पेढीचाच कर्जदार. पेढीतून बारा टक्क्यांनी पैसे काढायचे आणि सहकाऱ्यांना महिना दहा टक्क्यांनी फिरवायचे. पठाणाला हटवायला निघालेल्या पेढीचाच पैसा पठाण झाला होता. समितीच्या सभेत त्यावर जे झालं ते इतिवृत्तात दोन ओळींत आहे. प्रत्यक्षात रात्री साडेदहापर्यंत भांडण चाललं. विनापरवाना सावकारी हा गुन्हा, पोलिसांत द्या, असं काहींचं म्हणणं. पण तक्रार करणार कोण? मावशी तयार नव्हत्या, त्यांना त्याच वॉर्डात नोकरी करायची होती. शेवटी मुद्दलापोटी काही रक्कम ठरवून प्रकरण मिटवलं, त्याचं पेढीतलं कर्ज परत घेतलं आणि पुढे कोणत्याही मोठ्या कर्जासाठी कारणाचा कागद सक्तीचा केला. मला आजही वाटतं की आम्ही कमी पडलो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात परवाना नसताना व्याजाचा धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, उपनिबंधकाकडे तक्रारीची सोय आली. त्यानंतरही वहीत कार्डं गहाण पडलेली दिसतातच.

या प्रकरणानंतर अण्णांनी सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आणला, तो या खोलीच्या इतिहासातला सगळ्यात अवघड दिवस. सगळ्या कपाती जाऊन निम्मा पगार हातात उरत नसेल तर पेढीने नवं कर्ज देऊ नये, आणि मंगळवारच्या खोलीने ‘नको’ म्हटलं तर कर्ज समितीने ते ऐकावं. कारखान्यांना लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात पेढीची कपात धरून पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत कापायला मुभा होती. म्हणजे कायदा एवढी मोकळीक देत असताना आपणच हात आखडता घ्यायचा. सभेत आरडाओरडा झाला. कर्ज कमी तर व्याज कमी, व्याज कमी तर लाभांश कमी. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं की मग सभेच्या भेटवस्तूला काय मिळणार, चमचा? आधल्या वर्षी प्रेशर कुकर दिला होता. ठराव थोडक्या मतांनी पास झाला, आणि पुढच्या वर्षी खरोखरच कुकरच्या जागी जेवणाचा डबा आला. तो डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण सैल आहे.

पेढीने स्वतःच्या धंद्याला लावलेली ही खीळ मला तिच्या साऱ्या कामात मोठी वाटते. कर्ज देणारा आणि कर्जाबद्दल सल्ला देणारा एकाच छपराखाली बसले की सल्ला हळूहळू विक्री होतो. अमेरिकेत हे काम १९५१ पासून राष्ट्रीय पातळीवर चालतं. तिथली मूळ संस्था उधारीवर माल विकणाऱ्यांनी आणि कर्ज देणाऱ्यांनीच उभी केली. सल्लागार ऋणकोची सगळी देणी एका मासिक हप्त्यात बसवतो, धनकोंकडून व्याज कमी करून घेतो आणि तीन ते पाच वर्षांत मोकळं करतो. वसूल झालेल्या रकमेचा काही हिस्सा धनको त्या सल्ला केंद्राला देतात. पद्धत चांगली, पण तो हिस्सा आणि ऋणकोकडून घ्यायची फी यांच्या मोहाने पुढे ‘ना नफा’ पाटी लावलेल्या कित्येक संस्थांनी लोकांना लुबाडलं. २००४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची जाहीर सुनावणी झाली. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी असा सल्ला घेतलाच पाहिजे. आपल्या खोलीचा खर्च म्हणजे वही, चहा आणि कधीमधी टॅक्सी. मानधन कोणालाच नाही. त्यामुळे इथे भ्रष्टाचाराला वावच नव्हता. हे सद्गुणापेक्षा गरिबीमुळे असेल.

२००५ नंतर फाटकाबाहेर नवी मंडळी आली, टाय लावलेली, छत्रीखाली टेबल टाकून. क्रेडिट कार्ड घ्या, पहिलं वर्ष फुकट. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी आली तेव्हा लोकांनी टीव्ही-फ्रीज घेतले होते, ते एकदाच. कार्डाचं तसं नव्हतं. ते समजायला मलाच दोन महिने लागले. एका तरुण लॅब टेक्निशियनचं बिल पुढ्यात घेऊन शेवटी मी ते एका पानावर मांडलं. पुढे त्याची झेरॉक्स भिंतीवर लावली. करांचे दर आजचे घालून तेच इथे देतो. बाकी ६०,०००. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८. कमीत कमी भरायची रक्कम पाच टक्के, ३,०००. भरले ३,०००, व्याज-करात गेले २,४७८, कर्ज कमी झालं ५२२ रुपयांनी. मुलगा म्हणाला, “पण मी एकही हप्ता चुकवला नाही.” चुकवला नव्हताच. बँकेच्या लेखी तो उत्तम गिऱ्हाईक होता.

याच सुमारास मुंबईत बँक ऑफ इंडियाने ‘अभय’ नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र काढलं, आयसीआयसीआयने ‘दिशा’. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये अशा केंद्रांची नमुना योजना काढली. कोणीतरी त्याची छापील प्रत आणून दिली. त्यात सल्ला फुकट असावा, केंद्र बँकेपासून अंतर राखून चालावं, सल्लागाराने बँकेच्या योजना विकू नयेत, असं होतं. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन गावी राहत होते. मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे आपल्या कुकरच्या ठरावासारखंच.”

नव्या कर्जांबरोबर आमचाही अभ्यास वाढला. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं की सभासद पेढे घेऊन यायचा. दोन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेला की कळायचं, पत अहवालात त्या खात्यापुढे ‘बंद’ नव्हे तर ‘सेटल्ड’ लिहिलंय, आणि तो शब्द धनको डागासारखा वाचतात. म्हणून आता आधी अहवाल काढायचा. २०१७ पासून चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. मग शक्य असेल तर मुद्दल पूर्ण देऊन व्याज-दंडात सूट मागायची, आणि ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पेढे आणायचे नाहीत. ‘दिवाळं काढता येतं का’ असंही लोक विचारतात. मुंबईपुरता १९०९ चा नादारीचा कायदा आहे, पण त्या वाटेने जाणारा आपला सभासद मी पाहिला नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत साध्या माणसासाठी प्रकरणं आहेत, ती लागू व्हायची अजून वाट पाहतो आहोत.

एक चूक लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. शेवटच्या रकान्यात ‘नाही’ असलेल्या एका मामांच्या घरी मी स्वतः गेलो. मला वाटलं, बायकोला कळलं तर दोघं मिळून मार्ग काढतील. सगळं कर्ज मी एका दमात, वही उघडून, त्यांच्या मोठ्या मुलीसमोर वाचून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना घेऊन माहेरी गेल्या. परत आल्या, पण वर्ष गेलं, आणि ते मामा पुन्हा खोलीत कधी आले नाहीत. जिन्यात भेटले की नमस्कार करायचे. त्यांचं पान अजून वहीत आहे, न फाडलेलं. तेव्हापासून नियम असा, की घरी सांगायचं ते ज्याचं त्याने, त्याच्या वेळेला. त्याला हवं असेल तर आपण फक्त बाजूला बसायचं.

करोनात खोली बंद होती, काम फोनवर. आपले लोक त्या दिवसांत कुठे होते हे मी सांगायला नको. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, ती नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पीपीई किटमधून बाहेर आलेला माणूस फोनवर विचारायचा, “हप्ता माफ झालाय ना?” माफ नव्हता, थांबला होता, आणि व्याज चालूच होतं. पगार नियमित येतोय त्यांनी ही सवलत घेऊ नये, असं आम्ही सांगितलं. पण पगार येत होता तो आपल्या माणसाचा. त्याच्या भावाची रिक्षा उभी होती, मेव्हण्याचं दुकान बंद होतं, आणि संपाच्या वर्षासारखं पुन्हा एका पगारावर तीन घरं आली होती.

ती पोकळी मोबाईलवरच्या ॲपनी भरली. पाच मिनिटांत पाच हजार, सात दिवसांत परत. ॲप घेताना फोनमधली सगळी नावं त्यांच्याकडे जातात, आणि आठव्या दिवशी तुमच्या सिस्टरला, मेट्रनला, मुलाच्या वर्गशिक्षिकेला फोन. फोटो बिघडवून पाठवलेले. सफाई खात्यातली एक मुलगी त्यामुळे तीन दिवस कामावर आली नाही. तिच्या मावशीने तिला हाताला धरून खोलीत आणलं. एका ॲपचं फेडायला दुसरं, असं करत अकरा ॲप झाली होती. कर्जाची एकूण रक्कम एका पगाराहून थोडीच जास्त होती. दहशत मात्र वीस वर्षांच्या कर्जाची. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. सप्टेंबरात डिजिटल कर्जाचे नियम आले, फोनमधली नावं आणि फोटो घ्यायला मनाई झाली. परवान्याने चालणारे धनको हे पाळतात, निदान पाळायला हवं असं त्यांना दाखवता येतं. बाकीच्यांसाठी सायबर पोलीस. त्या मुलीने आधी सगळ्या सहकाऱ्यांना स्वतःच निरोप पाठवला की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. तो मजकूर खोलीत बसून तिनेच लिहिला. आज त्याची प्रत वहीत चिकटवलेली आहे आणि बरेच जण ती जशीच्या तशी वापरतात.

गेल्या वर्षीपासून मंगळवारी मी बसत नाही. डोळे साथ देत नाहीत, आणि ॲपची नावं मला वाचताही येत नाहीत. आता क्षयरोग विभागातल्या एक सिस्टर बसतात. किल्ली घेतली त्याच दिवशी त्यांनी नव्या वहीला रकाने आखले. जुने सगळे ठेवले, ‘कोणाचे’ आणि ‘कधी घेतले’ यांच्यामध्ये एक नवा घातला : ‘फोन कोणाकोणाला जातात’. त्यामुळे शेवटच्या रकान्याला जागा कमी पडली आणि ‘घरी कोणाला माहीत’ हे दोन ओळींत लिहावं लागलं.

खोली मंगळवारी दुपारी अडीचला उघडते. बाहेर पाटी नाही. लाँड्रीतल्या मामांना विचारलं की ते जिन्याकडे बोट दाखवतात, कशासाठी ते विचारत नाहीत.